मामाचं नाव लावलेला माणूस

आर्झेल मोझली पहिल्यांदा आमच्या टार्पली गावात आला तो माझ्या मामाचं नाव लावून आला. हॅम्प न्हाव्याच्या दुकानाबाहेर पुठ्ठा टांगला होता: शनिवारी संध्याकाळी, कापसाच्या जिनमागच्या शेडमध्ये, रेडिओवाला लिटल कॉय, जातीने हजर. माझा नवरा विल्बर्ट दाढी करून आला तो तेच वाचून.

"डव्ही, तुझा मामा येतोय," तो म्हणाला. "आईला इतक्यात बोलू नकोस. मी आधी बघून येतो."

कॉय लँड्रम माझ्या आईचा धाकटा भाऊ. महापुराच्या वर्षी त्यांचे आईबाप गेले, तेव्हा कॉयमामा शर्टाच्या बाहीला नाक पुसणारा पोरगा होता. माझ्या आईने, व्हर्लीनने, त्याला माझ्याबरोबरच वाढवलं. आई बाप्टिस्ट चर्चमधली पुढच्या बाकावरची बाई. मामाच्या हातात मात्र कुठून तरी माउथ ऑर्गन आला आणि तो दारूच्या शेडबाहेर उभा राहून ब्लूजची रडवी गाणी वाजवायला लागला. एका रविवारी प्रार्थना सोडून तो तिथे वाजवताना आईला सापडला. तिने त्याला कान धरून घरी आणलं, बाजा चुलीत घातला आणि म्हणाली, "या घरात एक तर येशू राहील, नाहीतर हे सैतानाचं पिपाणं." मामाने जळणाऱ्या लाकडाचा वास थोडा वेळ घेतला आणि टोपी खुंटीवरच सोडून निघून गेला. परत आला नाही. आम्ही टार्पलीत राहायला आलो ते त्यानंतर, त्यामुळे इथे त्याचा चेहरा कुणाला माहीत नव्हता.

पुढे दुपारच्या रेडिओवर त्याचं वाजवणं ऐकू यायला लागलं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद करा ते!" पण हातातला चमचा तसाच धरून गाणं संपेपर्यंत दारात उभी असायची. नंतर मामा शिकागोला गेला, त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. त्यावर नाव असायचं, फोटो नसायचा. म्हणूनच आर्झेलचं जमलं.

शनिवारी विल्बर्ट परत आला तो मान हलवतच. "तू सांगतेस तो मामा नाही गं. हा काळाकभिन्न, लांबडा माणूस आहे. पण डोळे मिटले ना, तर मामाच. श्वाससुद्धा तसाच घेतो."

माझं डोकं फिरलं. सकाळी जाऊन चार लोकांसमोर त्याचं पितळ उघडं पाडायचं असं मी ठरवलं. पण आईच्या कानावर चर्चला जातानाच बातमी गेली होती. प्रार्थना संपल्यावर हातमोजे काढत ती मला म्हणाली, "त्या माणसाला जेवायला बोलाव. कुणाचं घर आहे ते सांगू नकोस."

तो आला. धुतलेला शर्ट, बुटांना पाणी लावून चमक आणलेली. दारातच टोपी काढून उभा राहिला. आईने त्याला टेबलाच्या टोकाची खुर्ची दिली. तळलेला कॅटफिश, चवळी, मक्याचा पाव, पीचचं गोड, सगळं त्याच्यापुढे सरकवलं. तो मनापासून जेवला. विल्बर्ट मुद्दाम विचारत होता, "मग कॉयसाहेब, अजून एक तुकडा? शिकागोत असं मिळत नसेल."

"नाही मिळत," तो म्हणाला. जेवणावर मन असलेला माणूस दिसत होता. मला उगीचच त्याची कीव आली आणि त्या कीवेचा राग आला.

ताटं उचलल्यावर आई म्हणाली, "वाजव काहीतरी."

"आज रविवार आहे, बाई."

"मला माहितीये कोणता वार आहे. वाजव."

त्याने खिशातून बाजा काढला, तळहातावर आपटला, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला आणि मामाचं संथ गाणं सुरू केलं. ओंजळ उघडली की सूर रडायचा, मिटली की कुणीतरी उशीत तोंड खुपसल्यासारखा दबायचा. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटासा हिसका, उचकीसारखा. रेडिओवर नदीकाठच्या आमच्या सगळ्या डेल्टाने ऐकलेला तो हिसका. मामाची खूण.

गाणं संपलं. आईने विचारलं, "ते शेवटी धाप लागल्यासारखं काय करतोस?"

"ती माझी पद्धत आहे, बाई."

"माझ्याजवळ होता तेव्हा त्याची अशी पद्धत नव्हती." आई शांतपणे म्हणाली. "कॉय माझा भाऊ आहे, पोरा. मी त्याला वाढवलंय. तुझं नाव काय?"

मी लोकांना लाजताना पाहिलं होतं, पण असं नाही. तो उठायला गेला आणि उठता येईना. चेहरा खाली, हनुवटी छातीला टेकलेली. ताटात उरलेल्या काट्यांकडे बघत तो म्हणाला, "आर्झेल. आर्झेल मोझली." आणि मग अगदी हळू, "मी तुमचं अन्न खाल्लं."

"खायलाच बोलावलं होतं," आई म्हणाली. मग ती जे बोलली ते मलाही ठाऊक नव्हतं. "नावाचं तुझं तू देवाशी बघ. मला दुसरं विचारायचंय. इतकं हुबेहूब वाजवतोस म्हणजे तू त्याच्याशेजारी बसलेला असणार. तो कसा आहे? माझ्याबद्दल कधी काही बोलला?"

आईचा आवाज कापत होता. पुढच्या बाकावरच्या व्हर्लीन सग्जचा. इतकी वर्षं ती ते चुलीतलं लाकूड मनात जाळत बसली होती, हे मला त्या दुपारी कळलं.

आर्झेलने मामाला जन्मात पाहिलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. मळ्यावरच्या दुकानात दुपारी रेडिओ लागायचा, तिथे त्याने मामाला ऐकलं होतं, एवढीच ओळख. पण आत्ताच उघडा पडलेला माणूस समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघत होता, आणि तिला काहीतरी द्यायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"भेटलो होतो," तो म्हणाला. "नाताळात. शिकागोला. बरा होता."

"आणि?"

"म्हणाला, बहिणीवर माझा राग नाही. तिने मला वाढवलं, म्हणाला. ती बरोबरच होती."

आईने एप्रन तोंडावर घेतला.

*

आर्झेलची आधीची हकिगत त्याने मला पुढे कधीतरी सांगितली. नदीकाठच्या एका मळ्यावर खेचरं हाकणाऱ्याचा तो मुलगा. लहानपणापासून त्याला एकच विद्या येत होती: नक्कल. कोंबडी अंडं घालते तो कलकलाट, पाद्रीचं खाकरणं, रेल्वेचा भोंगा. मळ्याच्या मुकादमाचा खोकला तर असा काढायचा की ओळीतली माणसं दचकून कामाला लागायची. त्यासाठी त्याने मारही खाल्ला. औषधं विकणाऱ्या तमाशाच्या गाडीवर त्याला माउथ ऑर्गन मिळाला आणि नक्कल तोंडातून बाजात गेली.

पहिली वर्षं तो आपल्याच नावाने वाजवत होता. लोक म्हणायचे, "छान. पण हे लिटल कॉयचं आहे ना?" एका गावात शेडच्या मालकाने विचारलं, "अरे, तूच लिटल कॉय का?" आर्झेलने खाली मान घालून बाजा पुसला. नाही म्हणाला नाही. मालकाने ते हो समजलं. त्या दिवशी त्याला बसायला खुर्ची मिळाली, प्यायला ग्लासातून मिळालं, बायकांनी नाव घेऊन हाक मारली. पुढच्या गावात तो पोचायच्या आधीच पुठ्ठा लागला होता.

"मी स्वतःच्या तोंडाने कधी म्हटलं नाही, डव्ही," तो मला सांगायचा. "ते म्हणायचे, मी गप्प राहायचो. मला वाटायचं, गप्प राहणं म्हणजे खोटं थोडंच."

"तोंडात बाजा असला की गप्प राहणं सोपंच," मी म्हणाले. तो हसला नाही.

*

त्या रविवारनंतर तो टार्पलीतून निघून गेला असता तर बरं झालं असतं. पण आईने त्याला बर्फाच्या कारखान्यात काम मिळवून दिलं, राहायला हॅम्पच्या दुकानामागची खोली. तिला तो डोळ्यांसमोर हवा होता. तो तिला आदराने 'मिस व्हर्लीन' म्हणायचा. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायचा आणि दर रविवारी आई म्हणायची, "सांग ना पुन्हा, कॉय काय म्हणाला."

मग मे महिन्यात बातमी आली. आमच्या चर्चमधल्या एका बाईचा पुतण्या रेल्वेत हमाल होता, तो शिकागोहून सांगत आला: कॉय लँड्रम क्षयाने गेला, जानेवारीतच, कुणालाच कळवलं नव्हतं. आई दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. उठली ती काळे कपडे घालून चर्चला गेली, आणि साक्ष द्यायच्या वेळी उभी राहिली. "माझा भाऊ मला क्षमा करून गेला," ती म्हणाली. "देवाने मला तो निरोप या माणसाच्या हाती पाठवला. उभा राहा, आर्झेल."

त्याला उभं राहावं लागलं. सगळं चर्च 'आमेन' म्हणत होतं, बायका पंखे हलवत रडत होत्या, पाद्रीने खाली येऊन त्याचा हात हातात घेतला. मी शेजारीच होते. त्याच्या कानामागून घाम ओघळत होता आणि तो जमिनीतली एक फट शोधून तिच्याकडेच बघत होता. घरी आल्यावर आईने मामाची करडी फेल्ट टोपी काढली, ब्रशने झाडली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. ती त्याला बरोबर बसली.

गंमत अशी की त्याच्या खोट्याला कुठेही चीर नव्हती. नाताळात भेटलो म्हणाला, मामा गेला जानेवारीत. कोण विचारणार?

जुलैत एका दुपारी मी मागच्या व्हरांड्यात चवळीच्या शेंगा सोलत होते. तो आला, पायरीवर बसला, एक मूठ शेंगा घेऊन माझ्याबरोबर सोलायला लागला.

"डव्ही, मी तुझ्या मामाला कधीच भेटलो नाही."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"गेल्या रविवारी तुझ्या आईने पुन्हा विचारलं," तो म्हणाला. "आणि मी त्याच्या आवाजात बोललो. रेडिओवर तो गाण्याआधी दोन शब्द बोलायचा ना, त्या आवाजात. माझ्याही नकळत. त्यांनी माझा हात धरला आणि 'कॉय' म्हणाल्या. मला आता हे होत नाही."

"होत नाही म्हणजे?"

"सांगून टाकतो."

"वेडा आहेस का?" मी दबक्या आवाजात ओरडले. "तू आल्यापासून ती रात्री झोपते, माहितीये? मामा गेल्यावरसुद्धा झोपते. तुला हलकं वाटावं म्हणून तू तिची झोप घेणार? गप्प बस. गप्प बसायची सवय आहे ना तुला!"

ते शब्द त्याला कुठे लागले ते मला दिसलं. त्याने सोललेले दाणे माझ्या भांड्यात टाकले, हात झटकले आणि आत गेला. मी मागोमाग धावले, तोवर तो आईसमोर उभा होता. टोपी हातात.

त्याने सगळं सांगितलं. अडखळला, पण काही झाकलं नाही. आई इस्त्री करत होती. तिने इस्त्री चुलीवर परत ठेवली.

"एकही शब्द खरा नव्हता?"

"नाही, मिस व्हर्लीन."

"'तिने मला वाढवलं' म्हणाला, ते?"

"नाही."

"ती बरोबर होती म्हणाला?"

"मीच म्हणालो. मला वाटलं, तुम्हाला ते हवंय."

"हवं होतंच," आई म्हणाली. "मी चर्चमध्ये उभी राहून देवाचं नाव घेऊन सांगितलं. तुझ्या तोंडचं खोटं मी देवाच्या घरात सांगितलं." तिने हात पुढे केला. त्याने टोपी दिली. ती उलटी धरून तिने आतल्या घामाच्या डागाकडे पाहिलं, तो डाग आता कुणाचा हे कुणालाच सांगता आलं नसतं. "माझ्या दारातून जा."

पुढच्या रविवारी आई चर्चमध्ये पुन्हा उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं. भावाने माझ्यासाठी काही निरोप ठेवला नाही." एवढंच. कुणी आमेन म्हटलं नाही. ती पुढच्या बाकावरून उठून मागे जाऊन बसली आणि पुढे कायम मागेच बसली. गावाने आर्झेलशी बोलणं टाकलं. हॅम्प त्याची हजामत करायचा पण आरसा दाखवायचा नाही. पळून जाणं त्याला सोपं होतं, ते त्याने केलं नाही. बर्फाच्या लाद्या खांद्यावर टाकून तो ज्या चर्चमध्ये त्याला आमेन मिळालं होतं त्याच्यासमोरूनच रोज जायचा, मान खाली घालून.

*

सप्टेंबरात आई स्वतः बर्फाच्या कारखान्यावर गेली. मी बरोबर होते.

"मी शिकागोला चाललेय," ती त्याला म्हणाली. "डव्ही येतेय. तूही येणार. सामान तू उचलायचं."

"मी?"

"तू पाहिलंय म्हणालास ना तिथलं सगळं? आता डोळ्यांनी बघ."

काळ्यांच्या डब्यात आम्ही तिघं बसलो. आईने शिदोरीतलं चिकन मला दिलं, त्याला दिलं, स्वतः खाल्लं, आणि अख्ख्या प्रवासात त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मामा ज्या घरात खोली घेऊन राहायचा तिथली मालकीणबाई, मिसेस फिन्ली, जाड चष्म्याची आणि भराभर बोलणारी. तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं.

"तुम्ही कोण म्हणालात? बहीण?" तिने चष्मा वर केला. "पण कॉय तर सांगायचा की त्याचं सगळं घर पुरात वाहून गेलं. आईबाप, बहीण, सगळे. कुणी राहिलं नाही म्हणायचा."

मी आईचा हात धरायला गेले, तिने तो काढून घेतला.

"वाजवायचा मात्र झकास," मिसेस फिन्ली आर्झेलकडे वळून सांगायला लागली. "रेडिओवर होता तेव्हापासूनच म्हणे छाती खराब, एक ओळ पुरी करायला दम पुरेना. ओळीच्या शेवटी असा हिसका बसायचा, बघा. लोकांना वाटायचं नखरा आहे. तो वाजवून खाली बसला की रुमाल लाल व्हायचा. आणि तुम्हाला सांगते, सगळीकडची पोरं त्याची नक्कल करत तो हिसका मारायची! निरोगी छातीची पोरं! कॉय हसायचा त्यांना. म्हणायचा, घ्या, माझा आजारही घ्या."

आर्झेल उठून बाहेर गेला. खिडकीतून मला तो मागच्या लाकडी जिन्यावर दिसत होता, कठड्याला धरून, वाकलेला. कुणीतरी त्याला हसलं होतं, मेलेल्या माणसाने, आणि ते हसणं बरोबर होतं.

मामाची कबर आम्ही पाहिली. खुणेला नंबराचा खुंटा होता. आईने टोपी बरोबर आणली होती, पण ती तिथे ठेवली नाही. "वाऱ्याने उडेल," म्हणाली आणि परत पिशवीत टाकली.

परतीच्या गाडीत, मेम्फिस मागे पडल्यावर, ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"मला पुरात बुडवलंन त्याने. तो असाच होता. लहानपणी रुसला की दोन-दोन दिवस मी घरात नाहीच असं वागायचा." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू मला त्याच्यापेक्षा चांगला भाऊ दिलास. ते मला तुला माफ करता येत नाही."

"हो, मिस व्हर्लीन."

"करायचा प्रयत्न करतेय असंही समजू नकोस."

"नाही, मिस व्हर्लीन."

*

त्यानंतर तो टार्पलीतच राहिला. कितीतरी दिवस त्याने बाजाला हात लावला नाही, आणि लावला तेव्हा कळलं की हिसका जात नाही. छाती धडधाकट, पण ओळीच्या टोकाला श्वास आपोआप अडकायचा. कारखान्यामागे भुशाच्या ढिगाजवळ बसून तो साधे लांब सूर ओढायचा, एकच सूर, मग दुसरा, नवशिक्या पोरासारखा. येणारेजाणारे थट्टा करायचे, "काय रे कॉय, गाडी सुटत नाही का?" तो खाली मान घालून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्यात वर्षं गेली. शेवटी जे वाजायला लागलं ते रुंद, संथ, थोडं कंटाळवाणं होतं. खोटं कशाला सांगू, मामासारखं ते कधीच झालं नाही. पण ते आधी कुठे ऐकल्यासारखं वाटत नव्हतं. मासे तळायच्या मेजवान्यांना लोक त्याला बोलवायला लागले, आर्झेल मोझली म्हणून. कुणी मामाचं गाणं मागितलं तर तो बाजा खिशात ठेवायचा.

आमच्याकडे विल्बर्टने फ्रिज आणला त्यानंतरही आई त्याच्याकडून बर्फ घ्यायची. विल्बर्ट चिडवायचा, "सासूबाई, घरात बर्फ गोठतोय आणि तुम्ही दारावर विकत घेताय!" आई म्हणायची, "त्या मशिनच्या बर्फाला वास येतो." दारातच ती त्याला विचारायची, "बरा आहेस?" तो म्हणायचा, "बरा आहे." इतकंच बोलणं, ती जाईपर्यंत. तिच्या शेवटच्या आजारात मी त्याला म्हटलं, आत येऊन बस तिच्याजवळ. तो दारापर्यंत आला आणि परत फिरला.

ती गेल्यानंतर दोन गोरे विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या भागात आले. ते लिटल कॉयच्या जुन्या मित्रांचा शोध घेत होते. कुणीतरी त्यांना आर्झेलकडे पाठवलं. "तुम्ही त्याला ओळखत होता?" त्यांनी विचारलं. आर्झेल म्हणाला, "नाही. मी त्याला कधी पाहिलं नाही." त्यांचे चेहरे उतरले. तरी भल्या पोरांनी त्याची दोन गाणी घेतली. पुढे एक रेकॉर्ड आली, पंधरा-वीस अनोळखी वादकांची, त्यात त्याचं एक होतं. नाव छापलं होतं आर्झेल मोझबी.

मी म्हटलं, "त्यांना कळव की. चुकलंय म्हणावं."

"मी?" तो म्हणाला. "माझं नाव चुकवलं म्हणून मी कुठल्या तोंडाने भांडू, डव्ही?"

आई गेल्यानंतर मी बोलावलं म्हणून तो रविवारी प्रार्थनेनंतर आमच्याकडे यायला लागला, म्हातारा झाला तरी येत राहिला. मागच्या दाराने. मी पान मांडलेलं असायचं, पण आईने त्याला पहिल्यांदा बसवलं होतं त्या टेबलाशी तो बसायचा नाही. "पोट भरलंय," म्हणायचा आणि चुलीजवळ उभ्यानेच कॉफी घ्यायचा. मरायच्या आधीच्या रविवारीसुद्धा तसंच झालं. पाय सुजलेले होते, दारापर्यंत यायला त्याला दोनदा थांबावं लागलं होतं. मी खुर्ची ओढून त्याच्या पायाशी आणून ठेवली. म्हटलं, "आता तरी बस रे बाबा. आई नाहीये अडवायला."

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून कॉफी संपवली.